हेडसरांच्या पुस्तकातलं आमचं घर

आमच्या घरात पुस्तक आलं की आधी त्याची झडती व्हायची. आप्पा, म्हणजे माझे वडील, कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीत फिटर होते. शनिवारी कामावरून सुटले की ते शहरातल्या एका जुन्या वाचनालयात जायचे आणि तिथली पुस्तकं सायकलच्या कॅरियरला, जेवणाच्या डब्याच्याच पिशवीत घालून गडमुडशिंगीला आणायचे. त्यामुळे मी लहानपणी वाचलेल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकाला लसणाच्या चटणीचा वास होता. आई गावातल्या बालवाडीची बाई. दिवसभर पन्नास पोरांच्या खोट्या पोटदुख्या पकडून घरी आलेली बाई पुस्तकाच्या तोंडावर विश्वास ठेवेल, ही अपेक्षाच चुकीची होती. संध्याकाळी ती परात पुढ्यात ओढायची, भाकरी थापायला लागायची, आणि मी किंवा माझा थोरला भाऊ मिलिंद परातीच्या पलीकडे बसून मोठ्यानं वाचायचो. भाकरीच्या थापेचा आवाज, चुलीतल्या शेंगकाड्यांची तडतड, शेजारी हुलग्याच्या माडग्याच्या भांड्यावरचं हलणारं झाकण आणि त्यात आमचं वाचन. मध्येच थाप बंद पडायची आणि आई म्हणायची, "थांब."

थांब म्हणजे इथं खोटं आहे. हा आमच्या घरचा रिवाज होता. ज्याला संशय येईल त्यानं थांब म्हणायचं, का ते सांगायचं, बाकीच्यांनी पुस्तकाची बाजू घ्यायची. बाजू टिकली तर वाचन पुढं. नाही टिकली तर पुस्तक शनिवारी परत. आमच्या बौद्धवाड्यातल्या इतर घरांत हे असलं काही नव्हतं. शेजारची माणसं आम्हाला खुळ्यात काढायची. एकदा मी आप्पांना विचारलं, की छापलेलं पुस्तक खोटं कशाला असेल? ते सायकलची साखळी पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "छापलंय म्हणून खरं मानायचं असतं, तर आपुन अजून गावाबाहेर पाण्यासाठी ओंजळ धरून हुबं ऱ्हायलो असतो. आपल्या बाबतीत काय काय लिव्हून ठेवलंतं लोकांनी, ठाव हाय न्हवं?" एवढं बोलून त्यांनी साखळीला तेल सोडलं. भाषण द्यायची त्यांना सवय नव्हती.

या झडतीतून सगळी जात होती, कथा-कादंबऱ्या काय आणि माहितीची पुस्तकं काय. मोठं बक्षीस मिळालेली एक ग्रामीण कादंबरी आली होती. तिची नायिका भर आषाढात जोंधळ्याची कणसं खुडत गाणं म्हणत होती. आईनं हात झटकले. "आषाढात कणीस? हिच्या शेतात काय येगळा सूर्य उगवतोय?" पण त्याच कादंबरीतली दोन जावांची भांडणं इतकी चोख होती, की आम्ही जोंधळा माफ करून ती शेवटपर्यंत वाचली. रहस्यकथा आप्पांच्या ताब्यात. त्यांतला चोर रात्री कानशीनं गज कापून आत शिरायचा आणि शेजारच्या खोलीत झोपलेला सावकार कूससुद्धा बदलायचा नाही. "कानस लावली की आख्खी गल्ली उठतीया," आप्पा म्हणायचे, आणि तरीही पान उलटायला लावायचे. उघड खोटं बोलणाऱ्या पुस्तकाला आमच्याकडं माफी होती. खरेपणाचा आव आणणाऱ्याला नव्हती. एका कारखानदाराचं चरित्र त्यामुळंच पडलं. रिकाम्या खिशानं सुरुवात केली असं पानापानावर होतं. आप्पांनी विचारलं, "खिसा रिकामा, कबूल. पण पयली लेथ ठेवली कुणाच्या जागेत?" आम्ही मागची पानं चाळली, तर एका ओळीत मामांची जागा निघाली. पाककृतींच्या पुस्तकात कांदा दोन मिनिटांत सोनेरी होत होता. आईनं करून बघितलं. "दोन मिनिटांत कांद्याला निस्ता घाम सुटतोय," म्हणाली, आणि ते पुस्तक लिहिणाऱ्या बाईच्या घरी स्वयंपाकीण असणार, असा निकाल दिला.

आम्ही दर वेळी बरोबर असायचो असं मात्र नाही. एका प्रवासवर्णनात गोठलेल्या तळ्यावरून मालमोटारी जात होत्या. आई थांब म्हणाली ती म्हणालीच. मिलिंदनं शाळेतलं विज्ञान काढलं, आप्पांनी लोखंडाचं वजन आणि बर्फाची जाडी यांवर काही मांडून बघितलं, पण पुस्तक परत गेलं. गेल्या वर्षी मी तिला मोबाईलवर अशा तळ्याचा व्हिडिओ दाखवला. ऐंशीच्या घरातली माझी आई तो नीट बघून म्हणाली, "व्हिडिओत काय, आजकाल कायबी करत्यात." कवितांच्या पुस्तकांचं तर आम्हाला काय करायचं तेच कळायचं नाही. कवितेला थांब कुठं म्हणणार? धरायला कान नाही, शेपूट नाही. त्यामुळं कवी हा सगळ्यात हुशार गुन्हेगार, असं आप्पांचं मत होतं. ते फक्त एका विज्ञानाच्या पुस्तकावर खूश झालेले मला आठवतात, आणि तेही त्यात एके ठिकाणी "हे अजून कुणाला माहीत नाही" असं लिहिलं होतं म्हणून. ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

तीच सवय मला लागली, ती आजपर्यंत आहे. वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकाच्या नावापुढं मी वहीत एक ओळ लिहिते, ओळीपेक्षा जास्त नाही. "कुत्रा खरा, माणसं खोटी." "पहिला निम्मा भाग उत्तम, पुढं लेखकाला घाई झाली." "यशाचे नियम चांगले आहेत, पण ते पाळायला घरी दुसरं कुणीतरी स्वयंपाक करणारं लागतं." आमच्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी या ओळी टाकायचे. मग एका लेखकानं फोन करून मला विचारलं, की ताई, तुम्हाला माझ्याबद्दल काही राग आहे का? तेव्हापासून टाकत नाही. ग्रुपवर सगळे सगळ्या पुस्तकांना पाच चांदण्या देतात. न वाचता पाच चांदण्या देणारी माणसं ओळखायला मला वेळ लागत नाही. ती नेहमी मुखपृष्ठाचं कौतुक आधी करतात.

सगळ्यांत जास्त संशय आम्ही आत्मचरित्रावर घ्यायचो. आत्मचरित्र लिहिणारा माणूस प्रत्येक प्रसंगाला हजर असतो आणि तरी त्याच्या हातून कधी कपसुद्धा फुटलेला नसतो, असं आप्पा म्हणायचे. आज मी स्वतः हे लिहायला बसले आहे, तेव्हा सांगून ठेवते. तुम्हालाही जिथं वाटेल तिथं थांब म्हणा.

आता हेडसर. आमच्या हायस्कूलचे ते मुख्याध्यापक होते आणि निवृत्त झाल्यावर आप्पा ज्या वाचनालयातून पुस्तकं आणायचे त्याचे अध्यक्ष झाले. उंच, पांढरा नेहरू शर्ट, बोलणं हळू आणि शुद्ध. मिलिंदचा शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यांनी स्वतः भरून दिला होता, त्यामुळं तो पॉलिटेक्निकला जाऊ शकला. आमच्या घरात हे कुणी विसरलं नव्हतं, आणि मलाही इथं विसरायचं नाही. मी बी.ए. झाले, ग्रंथालयाचा कोर्स केला, आणि त्याच वाचनालयात सहायकाची जागा निघाली. हेडसर म्हणाले होते, "सुनंदा, तू अर्ज कर. बाकी मी पाहतो." मी अर्ज केला. त्या वाचनालयातली उंच कपाटं, लाकडी शिडी, दुपारी टेबलावर पडणारं ऊन हे सगळं मी मनातल्या मनात आवरायलाही घेतलं होतं. कुठलं कपाट कुठं हलवायचं ते माझं ठरलं होतं. मला त्या वयात दुसरं काहीही नको होतं.

अशात हेडसरांनी मला बोलावून घेतलं आणि नव्या छपाईच्या वासाचं एक पुस्तक हातात ठेवलं. त्यांचं आत्मचरित्र. "येत्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात प्रकाशन आहे. तू बोलायचंस. यात तुमच्या घरावर एक प्रकरण आहे, 'समतेचा घास'. त्या घरची मुलगी बोलली, की समारंभाला अर्थ येईल." मला इतका आनंद झाला, की मी एस.टी.त सगळ्या रस्ताभर ते पुस्तक छातीशी धरून बसले आणि उघडलं नाही. घरचा रिवाज होता ना, पहिलं वाचन सगळ्यांपुढं.

त्या संध्याकाळी मी वाचायला घेतलं. त्यांच्या लहानपणाची पहिली प्रकरणं फार चांगली होती. उपाशीपोटी शाळेत बसलेला मुलगा दुसऱ्याच्या डब्याचा वास येऊ नये म्हणून पाटी नाकाशी धरतो, हे वाचताना भाकरीची थाप मंद झाली. कुणी थांब म्हणालं नाही. मग ते प्रकरण आलं. पावसाळी दिवस, आमचा बौद्धवाडा, शेणानं सारवलेली ओसरी. हेडसर आमच्या उंबऱ्यातून आत येतात. फाटक्या नऊवारीतली माउली थरथरत्या हातांनी पोचे पडलेल्या ताटलीत पिठलं-भाकरी वाढते. सर पहिला घास घेतात आणि त्यांना जाणवतं, की शतकांची एक भिंत कोसळली. माउली पदरानं डोळे पुसते. मी वाचत गेले, आणि वाचता वाचता माझ्याच लक्षात आलं, की थापेचा आवाज कधीचा बंद झालाय. तव्यावरची भाकरी करपली होती. आई परातीत दोन्ही हात ठेवून बसली होती.

"थांब म्हण की," आप्पा म्हणाले.

"कशाकशाला म्हणू?" आई म्हणाली. मग करपलेली भाकरी तिनं तव्यावरून काढून बाजूला टाकली. "ह्यो मानूस आपल्या घरात कधी जेवलाच न्हाय."

"येखांद्या वक्ती तू म्हायेरी असशील. मी वाढलं असंल," आप्पा म्हणाले.

"तुमी? पिठलं?" मिलिंद हसला.

"हसू नगंस. पुस्तकाची बाजू घ्यायला नको व्हय कुणीतरी?"

"आनी मी नऊवारी कधी नेसलो वो?" आईचा आवाज चढला. "बालवाडीला पाचवारी लागती, लग्नापासनं पाचवारीच हाय. ताटल्याला पोचं? माझ्या भांड्यास्नी? आनी घरात मानूस जेवाय आल्यावर मी रडीन कशापायी? वाढताना कोन रडतंय?"

खरं काय घडलं होतं ते तिनं सांगितलं. मिलिंदच्या फॉर्मवर आप्पांची सही हवी होती म्हणून हेडसर पावसातून आले होते. वळचणीला छत्री धरून उभे राहिले. आईनं आत या म्हटलं. नको, पाय चिखलाचे आहेत, म्हणाले. तिनं चहा नेऊन दिला. त्यांनी कपबशी हातात घेतली, बोलत बोलत बाहेरच्या कट्ट्यावर ठेवली, सही घेतली आणि गेले. आई कप आणायला गेली तेव्हा चहावर साय धरली होती. तिनं तो शेवग्याच्या बुंध्याला ओतला आणि कुणाला काही बोलली नाही. इतकी वर्षं बोलली नव्हती. "इसरलं असतील म्हटलं मी. चहा इसरतोय मानूस."

"आई, त्यांनी माझा फॉर्म भरला," मिलिंद म्हणाला. आता तो हसत नव्हता. "लिहिलं असेल चार ओळी वाढवून. कुणाचं नुकसान झालं?"

"तुझं झालं नसंल," आई म्हणाली.

मला तेव्हा सगळ्यांवरच संशय आला. हेडसरांवर आला, आईच्या आठवणीवर आला, मिलिंदच्या कृतज्ञतेवरही आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई वाड्यात घरोघर विचारून आली, की हेडसर तुमच्यात कधी जेवलेत का? तिला मनापासून वाटत होतं, की त्यांची घरांची गल्लत झाली असावी. कुणाच्यात जेवले नव्हते. शेवटच्या घरची म्हातारी म्हणाली, "आमच्यात जेवनार? बाई, त्येनी आमच्या दारात पानी सुदिक मागितलं न्हाय. पन मानूस वाईट न्हाय गं." हे वाक्य आईनं घरी येऊन दोनदा म्हणून दाखवलं. त्यातला कुठला भाग तिला जास्त लागला, ते मला कळलं नाही.

"तुला नोकरी पायजेल न्हवं?" तिनं मला विचारलं.

"पायजेल."

"आनी रविवारी खोटं बोलशील?"

मी पुस्तक उचलून फळीवर ठेवलं.

"मग त्यास्नी जेवाय बोलाव. शनवारी बोलाव. पुस्तकात लिव्हलंय तेच करतो. एकदा जेवलं की पुस्तक खरं झालं. तू बी सुटलीस, त्ये बी सुटलं." चिडलेल्या माणसाला सुचावा असा हा तोडगा नव्हता. आई बालवाडीत पोरांची भांडणं अशीच सोडवायची. ज्यानं खडू घेतला त्यानं तो परत द्यायचा, आणि मग दोघांनी मिळून चित्र काढायचं.

मी निरोप घेऊन गेले तेव्हा हेडसर म्हणाले, "अगं, कशाला त्रास?" मी म्हटलं, "आई म्हणाली, पुस्तकात लिहिलंय तसंच करते." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "येतो," म्हणाले.

शनिवारी ते आले. रजा काढून थांबलेल्या आप्पांनी त्यांचे जोडे स्वतः उचलून वळचणीच्या आत ठेवले. त्यात मान होता की ते पटकन बाहेर पडू नयेत ही काळजी, हे मी आजही सांगू शकत नाही. सर खाटेच्या कडेवर बसले. आमच्या घरातली पुस्तकांची फळी, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर, मिलिंदचं प्रमाणपत्र, सगळं त्यांनी बघितलं, अगदी पहिल्यांदा बघितल्यासारखं. आईनं ताट आणलं. पिठलं, गरम भाकरी, खर्डा, फोडलेला कांदा. ताट घासून आरशासारखं केलेलं. सर ताटाकडं बघत म्हणाले, "बाई, क्षमा करा. आज शनिवार. माझा उपास असतो."

बाहेर कुणाची तरी बकरी ओरडली. मला आप्पांच्या कपाळावरची शीर दिसली. आई मात्र "व्हय की" म्हणाली, ताट उचलून आत गेली आणि दुसरं ताट घेऊन आली. शाबूची खिचडी, वर ओलं खोबरं, बाजूला दह्याची वाटी. "शाळंत हुता तवापास्नं शनवार धरताय, ठाव हाय मला. दोनी केलंय. घ्या."

आता सुटका नव्हती. सरांनी चमचा मागितला. आईनं दिला. त्यांनी पहिला घास घेतला, चावला, गिळला. कुठलीही भिंत पडल्याचा आवाज आला नाही. मग दुसरा घेतला. अर्ध्यात आल्यावर ते मान खाली घालूनच म्हणाले, "बाई, तुम्हाला खोटं वाटेल, पण मला खरंच वाटत होतं, की मी इथं जेवलोय. लिहिताना मला चव आठवत होती."

"वाटलं असंल," आई म्हणाली. "आता खावा, म्हंजे वाटायला नगं. कूट जास्त झालाय काय?"

"थोडा जास्त आहे."

"आवडतोय माझ्या पोरास्नी तसा." तिनं न विचारता आणखी वाढलं. त्यांनी सगळं संपवलं, पाणी प्याले, हात धुतले. जाताना वाकून आईला नमस्कार केला. ते खरे होते की नाटकी होते, यावर आम्ही चौघांनी संध्याकाळभर वाद घातला. आप्पा म्हणाले नाटकी. मिलिंद म्हणाला खरे. आई म्हणाली, "खिचडी संपीवली. मला तेवढं बास."

त्या रात्री मी भाषण लिहिलं. चांगलं, सभ्य भाषण होतं. त्यात पाटी नाकाशी धरणारा मुलगा होता, मिलिंदचा फॉर्म होता, आणि "हेडसर आमच्या घरी जेवले आहेत" असं एक वाक्य होतं. काळ कुठला ते मुद्दाम घातलं नव्हतं. वाक्य खरं होतं. मी ते सगळ्या बाजूंनी तपासून घेतलं होतं.

रविवारी सभागृह भरलं होतं. आई इस्त्रीची पाचवारी नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती. प्रमुख पाहुण्यांनी नेमका तोच उतारा घसा भरून आणून वाचून दाखवला. मग विचारलं, "त्या माउली आज इथं आहेत म्हणे?" आप्पांच्या शेजारच्या माणसानं बोट दाखवलं. सगळ्या माना वळल्या. मागच्या बाया उठून बघू लागल्या. त्या आईकडं बघत होत्या, पण शोधत होत्या फाटकी नऊवारी. एक बाई तर जवळ येऊन आईचा हात हातात घेऊन डोळ्याला पदर लावून गेली. आई ताठ बसून होती. तिचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. ज्या पोराची पोटदुखी खरी आहे आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाहीये, त्याच्यासारखा तो होता.

माझं नाव पुकारलं गेलं. मी व्यासपीठावर चढत असताना हेडसर खुर्चीतून वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कालच्या खिचडीचा उल्लेख नको हं. पिठलं-भाकरीच राहू दे. वाचकांच्या मनात चित्र तयार झालंय."

मी बोलले. पाटीबद्दल बोलले, फॉर्मबद्दल बोलले, मनापासून बोलले. लहानपणाची ती प्रकरणं आमच्या घरात एकदाही न थांबता वाचली गेली, ही आमच्याकडची सर्वांत मोठी पावती आहे, हेही सांगितलं. मग ते वाक्य आलं. मी कागदाकडं बघितलं, सरांकडं बघितलं, मग आईकडं. "'समतेचा घास' या प्रकरणातलं जेवण आमच्याच घरी झालं," मी म्हणाले. "काल दुपारी झालं. माझ्या आईनं पिठलं-भाकरीही केली होती. सरांचा उपास होता, म्हणून ते खिचडी जेवले. ताटाला पोचे नव्हते. आणि आई रडली नाही."

टाळ्या वाजवायला उचललेले काही हात तसेच राहिले. मागच्या रांगेतून एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, त्याच्या मते हळू, पण सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं, "म्हंजे पुस्तक आधी छापलं आनी जेवला मागनं?" कुणीतरी हसलं, मग बरेच हसले, मग हसणं पटकन बंद झालं. हेडसर समोरच्या फुलदाणीकडं बघत होते. मी नमस्कार करून खाली उतरले. आईनं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मला जागा करून दिली, एवढंच केलं.

मुलाखतीचं पत्र आलं नाही. काही महिन्यांनी कळलं, की ती जागा भरायचीच नाही असं ठरलं. जागा सगळ्यांसाठी रद्द झाली होती की माझ्यापुरती, हे मला आजही माहीत नाही. त्याबाबत हेडसरांना मी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. एखादी गोष्ट पुराव्याशिवाय कुणाच्या माथी मारायची नाही, हाही आमच्या घरचाच नियम होता, आणि तो मला फार जड गेला. वाचनालयाच्या जिन्यापाशी आले की मी बरीच वर्षं रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. मी इचलकरंजीला एका सूत गोदामात स्टोअर सांभाळायला लागले. मागांच्या खडखडाटात, कापसाच्या तुसात, कुठल्या काउंटचं, म्हणजे किती जाडीचं, सूत किती आलं आणि किती गेलं ते लिहीत राहिले. पुढची सगळी नोकरी मी अशाच कामात केली आणि ती मला आवडली. सूत खोटं बोलत नाही. बोललंच तर तराजूवर पकडता येतं. तरीही रोज संध्याकाळी एस.टी.त बसल्यावर मला ती लाकडी शिडी आठवायची. ती कुठल्या कपाटाला लावायची ते माझं ठरलं होतं.

हेडसरांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा मिलिंदनं ती विकत आणली. त्याला आशा होती. संध्याकाळी मी वाचायला घेतलं, आई परात घेऊन बसली, आप्पांनी कान पुढं केला. प्रकरण होतं. नाव तेच, 'समतेचा घास'. पावसाळी दिवस तोच, सारवलेली ओसरी तीच. पण नऊवारीची पाचवारी झाली होती, आणि ती फाटकी नव्हती. ताट लख्ख होतं. आणि माउलीनं सरांचा उपास लक्षात ठेवून शाबूची खिचडी केली होती.

"कूट लिव्हलाय का?" आईनं विचारलं.

"लिहिलाय. जरा जास्त होता असं लिहिलंय."

"व्हता की जास्त." तिनं भाकरी उलटली. "आनी साल कुठलं टाकलंय?"

"तेच, जुनं. मिलिंदच्या फॉर्मच्या वर्षीचं."

"मी रडतोय काय अजून?"

मी पुढची ओळ बघितली. "रडतीयेस."

आप्पांनी कपाळाला हात लावला. मिलिंद तोंड फिरवून सायकलकडं बघू लागला. मी पुस्तक मिटायला गेले तर आईनं पीठ लागलेला हात वर केला.

"मिटू नगंस. वाच पुढं," ती म्हणाली. "तिसऱ्या खेपंला काय जेवनार हाईत, त्याचा काय अंदाज लागतोय का बघू. तसं साहित्य आनून ठेवाय बरं."